आधी त्याच्या प्रश्नाला उत्तर द्या, शाळेचं नंतर बघू

सलाम दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत, जूनपासून शाळा बंद करून घरीच शिकवायचं ठरवलंय, अमेरिकेतल्या ख्रिस्ती कोर्सची वर्कबुकं मागवून झालीयेत, आणि पुढे दहावी-बारावीचं काय, करिअरचं काय असं विचारलंत. ते दोन ओळींत सांगते. १४ पूर्ण झाल्यावर एनआयओएस म्हणजे ओपन स्कूलची दहावी देता येते, नाहीतर स्टेट बोर्डाचा १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. वर्कबुकांसोबत येणारं सर्टिफिकेट कितीही छान असलं तरी इथे अ‍ॅडमिशनला मान्य बोर्डाचीच मार्कशीट मागतात.

मला काळजी वेगळीच लागलीय. तुम्ही लिहिलंय की त्याने जेवताना विचारलं, पप्पा, जग सहा दिवसांत झालं तर डायनासोर कधी होते? आणि त्याच रात्री तुम्ही शाळा सोडवायचं ठरवलंत. अहो, पोरगं हा प्रश्न घेऊन यूट्यूबकडे गेलं नाही, मित्रांकडे गेलं नाही, तुमच्याकडे आलं, तुमच्या शेजारी ताटावर बसून विचारलं, आणि त्याला उत्तर काय मिळालं तर शाळा बंद. आता पुढचा प्रश्न तो तुम्हाला विचारेल का? मला नाही वाटत. गप्प राहील, वर्कबुकातल्या गाळलेल्या जागा बरोब्बर भरेल आणि तुम्हाला वाटेल पोरगं विश्वासात वाढतंय. लूक २ उघडून बघा, येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता, तेव्हा त्याचंही वय बाराच होतं. तुम्हाला उत्तर येत नसेल तर मलाही नक्की माहीत नाही बाळा, आपण पाळकसाहेबांना विचारू, तुझ्या सायन्सच्या सरांनाही विचारू, एवढं म्हणालात तरी चालेल. त्याने तुमचा मान कमी होत नाही.

बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायाचा दाखला देऊन तुम्ही म्हणता की होमस्कूल हीच देवाची आज्ञा. हा गैरसमज मला बऱ्याच घरांत दिसतो. तिथे घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोलत राहा असं आहे, म्हणजे शाळेत सोडायला जाताना गाडीवरही. शाळेत घालू नका असं कुठेय? आणि घरी शिकवलं की मूल आपल्याच श्रद्धेत राहतं असं वाटत असेल तर पंडिता रमाबाई आठवा. शाळेचं तोंड न बघता आईने त्यांना संस्कृत शिकवलं, हजारो श्लोक पाठ करून घेतले, १८७८ मध्ये कलकत्त्यात पंडिता म्हणून गौरव झाला तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. घरच्या त्या शिक्षणाने बुद्धीला धार आली, धार आली म्हणून प्रश्न पडले आणि १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला त्याचा आनंद आहे, पण त्यांच्या आईवडिलांच्या जागी उभं राहून बघा. आणि पुढे त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या हाताला छापखान्याचं, विणकामाचं, शेतीचं काम शिकवलं.

मी होमस्कूलच्या विरोधात नाही. पण इंग्लंडमधल्या ज्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसनबाईंचं नाव ख्रिस्ती होमस्कूलवाले एवढं घेतात त्या सांगायच्या की मूल जन्मापासूनच पूर्ण माणूस असतं, लहान मुलांचे धडे छोटे ठेवा, वाचलेलं त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्या. तुमच्या टाइमटेबलमध्ये सकाळी साडेपाच ते रात्री साडेआठ आणि खेळायला ४० मिनिटं. हे टाइमटेबल फाडा, अगदी आजच.

अजून एक. आई नर्सची नोकरी सोडून शिकवेल, असं तुम्ही अर्ध्या ओळीत लिहून मोकळे झालात. त्यांना विचारलंय का? त्यांचं मत पत्रात कुठेच नाही. पंधरा तासांचा हा भार उचलायचाय त्यांनी.

आणि तक्रार म्हणून लिहिलंत की उपासना संपली तरी तो चर्चच्या साउंड सिस्टिमच्या वायरी घेऊन बसतो, मागच्या महिन्यात खरखरणारा माइक खोलून पिनेचा सुटलेला टाका पुन्हा मारला, पण त्यात दुपार वाया घालवली. दादा, वाया कशी? करिअरचं विचारत होतात ना, ते इथे आहे. मराठी बायबलात नीतिसूत्रे २२:६ मध्ये मुलाच्या स्थितीस अनुरूप शिक्षण दे असंच म्हटलंय, तुमच्या स्थितीस नाही. त्याला एक बरं सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर घेऊन द्या, साउंड बघणाऱ्या भावांसोबत रविवारी बसू द्या, दहावीनंतर पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा आहे, आयटीआय आहे, ते तेव्हा बघू.

सध्या शाळा चालू ठेवा, वर्कबुकं परत जात असतील तर पाठवून द्या. आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा चार ओळी त्याच्या हातच्या असू द्या, तुम्ही आधी न वाचलेल्या.