सागवानी टेबलाच्या कडा वर आल्या, सुताराने फसवलं का?

बहुधा नाही. साग खराच असेल, पण तो कापला कसा ते बघायला हवं.

तुम्ही लिहिलंय की जुलैत कोपरखैरण्याच्या घरात टेबल करून घेतलं, वर १२ इंच रुंदीची एकसंध फळी बसवली, खोलीत एसी चालतो आणि डिसेंबरात फळी मधे खोलगट झाली. माझं ठाण्यात सुतारकामाचं छोटं वर्कशॉप आहे. पावसाळ्यात केलेल्या कामाच्या अशा तक्रारी दिवाळीनंतरच येतात.

टेबलाच्या आखूड बाजूला, जिथे फळीचं कापलेलं तोंड दिसतं, तिथे टॉर्च मारा. झाडाची वलयं डोंगरासारखी दिसतील, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरती. म्हणजे फळी बसवताना तिची सालीकडची बाजू वर ठेवली आहे. लाकूड सुकताना ही वलयं सरळ व्हायला बघतात आणि कडा वर ओढल्या जातात.

कारण लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. ओला साग पूर्ण कोरडा होईपर्यंत वलयाच्या अंगाने साधारण साडेपाच टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे जेमतेम अडीच टक्के, आणि लांबीत जवळपास नाहीच. पावसाळी हवेत लाकडातली ओल १७ टक्क्यांच्या आसपास असली आणि एसीत ती ११ वर आली, तर तुमची फळी रुंदीत तीन मिलिमीटरच्या वर आकसते. तीच फळी वलयं उभी राहतील अशी कापली असती, तर दीड मिलिमीटरवर भागलं असतं आणि ती सपाटही राहिली असती. पण तसं कापताना लाकूड जास्त वाया जातं आणि रुंद फळ्या कमी निघतात, म्हणून वखारीत ओंडका सरसकट सरळ चिरतात. सागाची ती ज्वाळेसारखी नक्षीही सरळ चिरलेल्या फळीतच दिसते, आणि गिऱ्हाईक तीच मागतं.

आत्ता रंधा मारू देऊ नका! आत्ता तासून सपाट केलेली फळी पुढच्या पावसात ओल धरेल आणि उलट्या बाजूला फुगेल. खालचे स्क्रू काढून चौकटीतली त्यांची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करून घ्या, म्हणजे फळीला हलायला जागा मिळेल, चीर पडणार नाही. खालची बाजू कोरी असेल तर तिलाही वरच्याइतकंच पॉलिश द्या. सुतार हे अर्ध्या दिवसात करून देईल.

नवीन करायचं झालं तर तीन-तीन इंचांच्या पट्ट्या जोडून करा. एकसंध फळीचा मोह मलाही होतो, पण खाडीकाठच्या हवेत मी आता ती देत नाही.