स्टार वॉर्सचे मूळ तीन चित्रपट आवडले. आता ‘द फँटम मेनेस’ पाहावा का? त्याच्या जमेच्या आणि कमकुवत बाजू कोणत्या?

जरूर पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आपण तो मूळ तीन चित्रपटांनंतर पाहत आहात हेही उत्तम झाले, कारण अनाकिन नावाचा नऊ वर्षांचा गुलाम मुलगा पुढे डार्थ व्हेडर होणार आहे हे आधीच ठाऊक असल्याखेरीज या कथेतली वेदना प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. १९७७ च्या पहिल्या चित्रपटानंतर जॉर्ज लुकास यांनी थेट १९९९ मध्ये या पूर्वकथेचे दिग्दर्शन केले. ते जिथे गोष्ट दृश्यांतून आणि संगीतातून सांगतात तिथे हा चित्रपट मूळ चित्रपटांच्या तोडीचा ठरतो, आणि जिथे पात्रांच्या तोंडून समजावून सांगू लागतात तिथे तो कोसळतो.

शेवटचे द्वंद्व हे पहिल्या प्रकाराचे सर्वोत्तम उदाहरण आहे. क्वाय-गॉन आणि त्याचा शिष्य ओबी-वान हे दोघे जेडाय योद्धे डार्थ मॉल या खलनायकाशी लढत असताना मधेच ऊर्जेचे लाल पडदे बंद होतात आणि तिघेही एकमेकांपासून तुटतात. मॉल पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझारा घालतो, मागे अडकलेला ओबी-वान पडदा उघडण्याची वाट पाहत तळमळतो आणि क्वाय-गॉन गुडघे टेकून, डोळे मिटून शांत बसतो. तिघांचे स्वभाव एकाही शब्दाविना कळतात, आणि थोड्याच वेळाने गुरूचा मृत्यू दुसऱ्या पडद्यामागून असहायपणे पाहावा लागतो तेव्हा ओबी-वानची अवस्थाही सांगावी लागत नाही. जॉन विल्यम्स यांनी या प्रसंगासाठी रचलेले समूहगान आपल्यासाठी खास आहे, कारण त्याचे शब्द एका जुन्या वेल्श कवितेतील ओळींच्या संस्कृत रूपांतरावर आधारलेले आहेत. मात्र अक्षरांची इतकी फिरवाफिरव केली आहे की आपल्या कानांनाही ती भाषा ओळखू येत नाही.

टॅटूइन ग्रहावरची पॉड नावाच्या वेगवान वाहनांची शर्यतही अशीच. तिच्या बऱ्याच भागात पार्श्वसंगीत नाही. बेन बर्ट यांनी घडवलेले इंजिनांचे निरनिराळे आवाजच सगळा थरार उभा करतात.

ज्या बाजूची दखल कमी घेतली जाते ती राजकारणाची. व्यापारी मार्गांवरील करांच्या वादातून एका लहान ग्रहाची नाकेबंदी होते हा विषय अनेकांना नीरस वाटतो आणि सिनेटमधील संवाद खरोखरच रुक्ष आहेत, परंतु त्यामागची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. संकट ज्याने निर्माण केले तोच पॅल्पाटिन त्या ग्रहाच्या तरुण राणीचा हितचिंतक म्हणून वावरतो, तिच्याकडून अविश्वासाचा ठराव मांडवून घेतो आणि स्वतः चॅन्सेलर, म्हणजे गणराज्याचा प्रमुख, होतो. इयन मॅकडिआर्मिड यांनी १९८३ मध्ये भरपूर रंगभूषा करून वृद्ध सम्राट साकारला होता. सोळा वर्षांनी तेच नट स्वतःच्या चेहऱ्याने त्या सम्राटाचे आधीचे रूप साकारतात, हा योग विलक्षणच म्हणायचा. शेवटच्या विजयाच्या मिरवणुकीत मुलांच्या आवाजात जी आनंदी धून वाजते ती सम्राटाच्याच जुन्या धूनेवर बेतलेली आहे. सगळे जण उत्सव करत असतात आणि खरा विजय त्याचा झालेला असतो.

आता उणिवांकडे वळतो. सर्वांत जास्त राग जार जार बिंक्स या विनोदी पात्रावर काढला गेला. त्याचे विनोद पोरकट आहेत आणि ते नको त्या क्षणी येतात हे मला मान्य आहे, पण तो दोष लेखन-दिग्दर्शनाचा होता. अहमद बेस्ट या नटाला त्यासाठी जे सोसावे लागले ते अन्यायकारक होते. माझ्या दृष्टीने याहून गंभीर चूक मिडीक्लोरियनची, म्हणजे फोर्सशी नाते जोडणाऱ्या पेशींतील सूक्ष्मजीवांची, आहे. १९७७ मध्ये ओबी-वान सांगतो की फोर्स सर्व सजीवांतून निर्माण होते आणि अवघ्या आकाशगंगेला बांधून ठेवते, त्यामुळे ती श्रद्धेने आणि साधनेने गवसणारी गोष्ट वाटते. इथे मात्र मुलाच्या रक्ताची तपासणी होते, आकडा वीस हजारांच्या वर निघतो आणि योडापेक्षाही अधिक म्हणून तो थोर ठरतो. मुलाचे असामान्यत्व पुढे शर्यतीत डोळ्यांनी दिसणारच असताना या आकड्याची गरज काय होती, हे मला आजही पटलेले नाही.

दुसरी मोठी उणीव शेवटाची. मैदानावरचे युद्ध, अवकाशातील युद्ध, राजवाड्यातील मोहीम आणि द्वंद्व अशा चार घटना एकाच वेळी चालू राहतात. क्वाय-गॉनच्या प्राणांवर बेतलेले असताना पुढच्याच क्षणी जार जारची धांदल पाहावी लागते. त्यातही अनाकिनच्या हातून शत्रूचे जहाज जवळजवळ अपघाताने नष्ट होते. ज्याच्या अधःपतनाची ही कथा आहे त्याने निर्णायक क्षणी काही निवडलेच नाही, तर त्याच्याशी आपले नाते जुळणार कसे? अनाकिन जीव ओतून काही निवडतो ते एकदाच, आईला सोडून जाताना. तो वळून परत तिच्याकडे धावतो आणि ती त्याला मागे न बघता जायला सांगते. पर्निला ऑगस्ट यांनी हा प्रसंग इतका संयमाने केला आहे की बालनटाच्या अवघडलेपणाकडेही लक्ष जात नाही.

पाहिल्यावर २००२ आणि २००५ चे पुढचे दोन भागही लागोपाठ पाहावेत, कारण आईची ही ताटातूट आणि पॅल्पाटिनचा डाव हे दोन्ही धागे तिथेच पूर्ण होतात.