डोंगरातल्या शहरात नव्याने राहायला आलात?

पहिल्याच रविवारी सगळ्यात उंच टोक गाठायला निघू नका. शहर समुद्रसपाटीपासून 2,500 मीटरच्या वर असेल, तर विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आधी दोन-तीन दिवस सपाट रस्त्यांवरच हिंडा. आठवडी बाजार, वाचनालयातले कार्यक्रम तिथेच असतात, ओळखीही तिथेच होतात. टोकं काही पळून जात नाहीत!

जाल तेव्हा पहाटे निघा. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढतात, विजा पडतात आणि उघड्या कड्यावर आडोसा नसतो. दर 1,000 मीटरला तापमान साधारण 6 अंशांनी उतरतं, त्यामुळे संध्याकाळच्या मैदानातल्या मैफलीला स्वेटर हवाच. रोपवे जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात. आधी फोन करून विचारा. गर्दीचा हंगाम ओसरला की हेच शहर जास्त मोकळेपणानं बोलतं, असं आपलं माझं मत. गिर्यारोहण मंडळाच्या सहलींना मात्र वेळेत नाव नोंदवा, जागा भराभर संपतात.