रंकाळ्यावरचे चतुर आणि इंग्रजीची धास्ती

प्रश्न : मी कोल्हापुरात एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. संशोधन प्रकल्पाला ‘रंकाळ्यावरील चतुरांची विविधता’ हा विषय घेतलाय, म्हणजे रंकाळा तलावावरचे ड्रॅगनफ्लाय. दगडी कट्ट्याकडे चतुर कमी आणि झाडोऱ्याकडे जास्त दिसतात, एवढं लक्षात आलंय. पण इंग्रजीत लिहायचं म्हटलं की हात थांबतो. मैत्रिणी म्हणतात, पैसे देऊन प्रबंध लिहून मिळतो. एका जर्नलचा मेसेजही आलाय : दीड हजार रुपये, तीन दिवसांत पेपर, ‘यूजीसी मान्य’. वडील म्हणतात, किडं मोजून नोकरी लागती व्हय? काय करू?
– एक विद्यार्थिनी, शिरोळ तालुका

उत्तर : तुझा हात इंग्रजीमुळे थांबतोय असं तुला वाटतं. मला वाटतं, तो विषयामुळे थांबतोय. ‘विविधता’ म्हटलं की यादी होते, आणि यादीबद्दल चाळीस पानं काय लिहिणार? पण पत्रात तू जाता जाता एक वाक्य लिहिलं आहेस : कट्ट्याकडे कमी, झाडोऱ्याकडे जास्त. हाच तुझा प्रश्न. खरंच तसं आहे का, आणि कोणत्या जातींच्या बाबतीत? ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा घाण पाण्यावरही टिकणारा चतुर दोन्हीकडे सारखाच दिसतो का? हे गाईड सरांसमोर असंच, मराठीत मांड.

आता मोजणीबद्दल, कारण बहुतेक प्रकल्प इथेच कोसळतात. काठावर शंभर-शंभर मीटरचे पट्टे आखून घे. निदान चार कट्ट्याचे, चार झाडोऱ्याचे, आणि जमेल तितके एकमेकांपासून लांब. एकाच पट्ट्यावर दहा वेळा मोजलं म्हणजे दहा स्वतंत्र नमुने झाले, असं होत नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ (खोटी पुनरावृत्ती) असं नाव दिलं, आणि ती आजही सर्रास होते. आठ पट्टे घेतलेस तरी तुझं उत्तर रंकाळ्यापुरतंच राहील. सगळ्या तळ्यांबद्दल बोलायचं तर कळंबा तलावावरही जावं लागेल. चतुर उन्हात उडतात, म्हणून मोजणीची वेळ ठरलेली हवी आणि पट्ट्यांचा क्रम दर खेपेला बदलायला हवा. नाहीतर कट्टा नेहमी सकाळी आणि झाडोरा नेहमी दुपारी मोजला जाईल, आणि फरक जागेचा की उन्हाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. एखाद्या पट्ट्यावर काहीच दिसलं नाही, तर शून्य लिही. वहीत रिकामी सोडलेली जागा म्हणजे शून्य नव्हे.

ढग, वारा, तापमान तिथेच, पेनाने लिही. माझ्या लघुप्रबंधाच्या वेळी मी हे संध्याकाळी खोलीवर आठवून लिहायचो. पुढे दोन आठवड्यांचे आकडे एकदम का घसरले ते सांगता येईना, आणि त्या सगळ्या नोंदी वगळाव्या लागल्या. अजून हळहळ वाटते.

लेखनाची सुरुवात प्रस्तावनेपासून करू नकोस. पहिल्या महिन्यातच ‘कार्यपद्धती’ लिहून काढ, आधी मराठीत. ती मैत्रिणीला दे आणि तिला एकटीला रंकाळ्यावर पाठव. ती त्याच पट्ट्यावर उभी राहून तसंच मोजू शकली, तर लेखन जमलं. मग छोट्या वाक्यांत, भूतकाळात इंग्रजी कर. त्यानंतर तक्ते आणि निष्कर्ष, मग चर्चा. प्रस्तावना त्याच्याही नंतर, आणि गोषवारा सगळ्यात शेवटी. शैली कळण्यासाठी आठवड्याला एक शोधनिबंध वाच. कोइम्बतूरहून निघणारं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ मोफत वाचता येतं आणि त्यात आपल्याकडच्या चतुरांवरही लेख सापडतात. वाचून झालं की निबंध बंद कर आणि मग आपल्या शब्दांत टिपण लिही. समोर उघडा ठेवून लिहिलं की त्याचीच वाक्यं उतरतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत दुसऱ्यांच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून तेवढं उचलायची मुभा आहे असं मुलं धरून चालतात. तसं नाही.

विकतचा प्रबंध घेऊ नकोस. तोंडी परीक्षेत तीन प्रश्नांत उघडं पडतं, आणि शिकायचं होतं तेच राहून जातं. त्या मेसेजला उत्तरही देऊ नकोस. दुसऱ्या अभ्यासकांकडून निबंध तपासून घ्यायला आठवडे, कधी महिने लागतात. तीन दिवसांत कुणी काही तपासत नाही. आणि ‘यूजीसी मान्य’ म्हणशील, तर यूजीसीने मान्य जर्नलांची आपली केअर यादी 2025 मध्ये बंदच केली.

वडिलांना माझा नमस्कार सांग आणि 2002 चा लोकरी मावा, ती उसावरची कीड, आठवते का ते विचार. तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातले उसाचे फड पांढरे पडले होते. त्या माव्याला आवरण्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा मोठा वाटा होता. पानावर मावा किती, त्याला खाणारे किती, हे कुणीतरी फडात उभं राहून मोजलं, म्हणून ते कळलं. नोकरीची काळजी त्यांना वाटणारच, ती रास्त आहे. सहायक प्राध्यापकपदासाठी किंवा फेलोशिपसाठी तुला सीएसआयआर-नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा देता येईल. जीवशास्त्राच्या त्या अभ्यासक्रमात संशोधनाच्या पद्धतींचा स्वतंत्र भाग आहे आणि त्यात सांख्यिकीही येते. पर्यावरण सर्वेक्षणाच्या कामातही नोंदी नीट ठेवणारी, अहवाल स्वतः लिहिणारी माणसं लागतात.

येत्या रविवारी ऊन असेल तर टेप घेऊन जा आणि पहिले दोन पट्टे आखून ये.