गिअरबॉक्सचं तेल आधी बोटाला लावून बघा

इंजिन ऑइल तारीख लिहून बदलणाऱ्या माणसाला विचारा, गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं? तो आधी आढ्याकडे बघतो, मग ड्रायव्हरकडे. या खेपेला आलेली बहुतेक पत्रं पिकअपवाल्यांची आहेत आणि सगळी याच तेलाबद्दल, म्हणून दुसरे विषय पुढच्या वेळी.

काका, नारायणगावहून टोमॅटो घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात येतो. पहाटे निघताना दुसरा गिअर टाकला की खर्रर्र आवाज येतो, मंचर ओलांडलं की गिअर लोण्यासारखे पडतात. मेकॅनिक म्हणतो तेल पातळ झालंय, १४० नंबरचं जाड तेल टाकू. टाकू का?

मुळीच नको. तुमच्या पत्रातच उत्तर आहे: गाडी गरम झाली की त्रास जातो. म्हणजे तेल पातळ झाल्यावर गिअर सुधारतो, आणि मेकॅनिक ते आणखी जाड करायला निघालाय.

आत काय होतं ते सांगतो. प्रत्येक गिअरच्या तोंडाशी एक पितळी रिंग असते, सिंक्रो रिंग. तुम्ही दांडा ओढलात की ती रिंग गिअरच्या निमुळत्या कडेला घासते, दोघांचा वेग जुळवते आणि मगच दाते एकमेकांत बसतात. घासायला पकड हवी, आणि त्यासाठी मधला तेलाचा थर क्षणात बाजूला व्हायला हवा. जुन्नर भागातल्या थंडीत, रात्रभर उभ्या गाडीत, जाड तेलाचा थर हटत नाही. रिंग घसरते, दाते आपटतात.

गाडीच्या पुस्तकात ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० असं काहीतरी लिहिलेलं असेल. ‘डब्ल्यू’ आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा गरम झाल्यावरचा. आणि हे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून बघू नका, ती मोजपट्टीच वेगळी. गिअर ऑइलचं ९० हे इंजिन ऑइलच्या ४० ते ५० च्या आसपास जाडीचं असतं. १४० ऐकून ‘दणकट’ वाटतं, एवढंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डब्यावर तेलाचा वर्ग छापलेला असतो, जीएल-४ आहे की जीएल-५, ते बघा. मागच्या क्राउनमध्ये (मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या गिअरच्या जोडीत) दाते एकमेकांवर दाबाखाली घसरतात, म्हणून तिथे गंधक-फॉस्फरसची भरपूर रसायनं असलेलं जीएल-५ लागतं. तेच तेल गिअरबॉक्समध्ये घातलं तर काही जीएल-५ तेलांतली रसायनं पितळ खातात, शिवाय सिंक्रोला हवी ती पकडही कमी होते. काही नवी तेलं दोन्हीकडे चालतात, पण तसं डब्यावर छापलेलं असतं. नाना पेठेत तेल घ्यायला गेलात की ‘दोन्हीला एकच चालतं हो’ यावर विसंबू नका, डबा हातात घेऊन वाचा.

योग्य तेल घालूनही आवाज राहिला तर क्लच तपासा. इंजिन चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरी खरखरलं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. सहज पडला तर दुसऱ्या गिअरची रिंग झिजलीय. झिजलेल्या रिंगवर तेल हे औषध नाही.

२०२४ च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा आमची पिकअप रात्रभर पाण्यात होती. इंजिन, वायरिंग सगळं करून घेतलं. गाडी छान चालते, पण हल्ली मागून घूंऽऽ असा आवाज येतो.

क्राउनचं तेल बदललं होतं का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, त्यावरून नसावंच. पुरानंतर सगळे इंजिनाच्या मागे लागतात आणि क्राउन, गिअरबॉक्स विसरतात.

या दोन्ही हाउसिंगना वर एक छोटा ब्रीदर असतो. तेल तापलं की आतली हवा फुगून त्यातून बाहेर पडते. धावून आलेली गरम गाडी पाण्यात उभी राहिली की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी ओढते. झिजलेल्या ऑइल सीलमधूनही पाणी जातं. मग तेल ताक घातल्यासारखं पांढरट होतं, बेअरिंगला गंज धरतो आणि महिन्यांनी आवाज सुरू होतो.

फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) उघडून बोटावर तेल घ्या. शंका असेल तर जुना चमचा गरम करून त्यावर एक थेंब टाका. फोडणीसारखं तडतडलं तर पाणी आहे. (घरातला चमचा घेऊ नका, मी बोलणी खाल्ली आहेत.)

आवाजाचंही नीट ऐका. पाय ॲक्सिलरेटरवर दाबला की आणि सोडला की आवाज बदलत असेल तर क्राउन-पिनियन. पायाने फरक पडत नाही, पण वळणावर कमी-जास्त होतो, तर चाकाचं बेअरिंग. तुमच्या बाबतीत नुसतं तेल बदलून भागेल असं वाटत नाही, हाउसिंग उघडून बघावं लागेल.

तेल स्वतः बदलायचं आहे. अवघड आहे का?

अवघड नाही, क्रम चुकवू नका. आधी फिलर प्लग सैल करा, मग खालचा ड्रेन प्लग. मी शिकाऊ होतो तेव्हा उलट केलं होतं. शनिवारी रात्री तेल सगळं खाली काढलं आणि वरचा प्लग हलेना. पाना घसरून त्याचे कोपरे गोल झाले. गाडी पहाटे तीनला भाड्यावर जायची होती. उस्तादांनी शिव्या न देता प्लगवर नट वेल्ड करून तो काढला, आणि ते न बोलणंच जास्त लागलं.

तेल थोडं गरम असताना, गाडी सपाटीवर, खाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावून. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळपट लेप असेल तर ठीक, ती नेहमीची झीज. नखाएवढा तुकडा निघाला तर दाता गेलाय. वायसर नवा टाका. नवीन तेल फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत भरा. जास्त ठासलं तर सील फोडून बाहेर येतं आणि कधी पुढून क्लच प्लेटवर.

जुनी ऑटोमॅटिक पिकअप घेतली आहे, ९० हजार किलोमीटर झालेली. कोणी म्हणतं तेल आयुष्यभराचं, कोणी म्हणतं मशीन लावून फ्लश करा.

आयुष्यभर म्हणजे कोणाच्या, हे विचारून घ्या. ऑटोमॅटिकचं तेल तीन कामं करतं: वंगण, थंडावा आणि दाब पोचवणं. आतल्या क्लचना नेमकी पकड मिळावी म्हणून त्यात खास घटक असतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यासाठी चक्क स्पर्म व्हेलचं तेल वापरत. उष्णतेने हे घटक संपतात, आणि बाणेरला वाहनांच्या रांगेत अडकणाऱ्या किंवा माल भरून बोरघाट चढणाऱ्या गाडीत उष्णता भरपूर.

नवं तेल बहुधा लाल असतं. गडद झालं म्हणून घाबरू नका, वास घ्या. करपल्याचा वास आणि बोटावर काळी कणी असेल तर आतले क्लच जळतायत. अशा वेळी फ्लश, म्हणजे मशीनने सगळं जुनं तेल ढकलून काढणं, करू नका. वास ठीक असेल तर साधं ड्रेन करून तेवढंच भरा. एका वेळी तिसरा हिस्सा ते निम्मंच तेल निघतं, बाकीचं इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून हजारएक किलोमीटरने दोनदा तसंच करा. तेल कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचं हवं. तेल मोजायची दांडी (डिपस्टिक) नसलेल्या गाडीत पातळी ठरावीक तापमानाला ओव्हरफ्लो प्लगमधून मोजतात, ते काम स्कॅनर असलेल्या गॅरेजलाच द्या.

आमचा ड्रायव्हर कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना न्यूट्रल करतो. म्हणतो डिझेल वाचतं, गिअरबॉक्सलाही आराम.

दोन्ही चूक. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर डिझेल बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगसाठी जळत राहतं. आणि त्या उताराला इंजिनाची अडवण गेली की सगळा भार ब्रेकवर. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथे एका ट्रकने कित्येक गाड्या ठोकल्या, ते त्याला आठवत असेल.

इंजिनही बंद करत असेल तर गिअरबॉक्सचा आराम कसला? मागची चाकं चालवणाऱ्या गाडीत खालचा काउंटर शाफ्ट तेलात बुडून वर तेल उडवतो, आणि तो इंजिनाच्या बाजूने फिरतो. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद असलं की तो थांबतो, चाकांमुळे वरचा मेन शाफ्ट फिरत राहतो, कोरडा. म्हणूनच बंद पडलेली पिकअप लांबवर ओढून न्यायची तर गिअरबॉक्सपासून मागे क्राउनकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवून घ्या, चार बोल्टचं काम आहे. ऑटोमॅटिक असेल तर फ्लॅटबेडच बोलवा.