नाशिकला माणूस कधीपासून राहतोय, आणि इथल्या हवेशी त्याने कसं जुळवून घेतलं?

तुमचा प्रश्न असा: उष्ण प्रदेशात लाकूड कुजतं, उरलेलं वाळवी खाते, मग नाशिकसारख्या ठिकाणी हजारो वर्षांपूर्वी वस्ती होती हे कळतं कसं, आणि ती सलग होती का? मी जुन्या नाशकात वाढलो, पुरातत्त्वात एम.ए. केलं. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निफाडकडच्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला विचारा, तो 'काळी' आणि 'पांढरी' वेगळी सांगेल. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा. चुलीची राख, शेणाचं सारवण, पडलेल्या कुडाच्या भिंती, फुटकी खापरं, सगळं पिढ्यानपिढ्या एकावर एक साचतं आणि माती पांढरट, भुसभुशीत होते. गाव उठून गेलं तरी पांढरीचं टेकाड राहतं. शिवाय चुलीत सांडून जळालेला दाणा कुजत नाही, कोळसा होऊन टिकतो. ती माती पाण्यात कालवली की दाणे वर तरंगतात, आणि तीन हजार वर्षांपूर्वी ताटात काय होतं ते समोर येतं.

नाशकात हे टेकाड म्हणजे गोदाकाठची मातीची गढी. १९५०-५१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे आणि संगमनेरजवळच्या जोर्वे गावी उत्खनन केलं. गढीच्या तळाशी ताम्रपाषाणयुगाचा, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरली जात त्या काळाचा, थर लागला आणि त्याच्या वर सातवाहन काळापासून थेट मराठेशाहीपर्यंतचे थर. तळातल्या खापराला जोर्वे पद्धतीचं खापर म्हणतात. शिकत असताना एक हातात घेतलं होतं. पातळ, तांबूस, वर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा, आणि इतकं कडक भाजलेलं की टिचकी मारली तर खणकन वाजतं. बाईच्या की बाप्याच्या ते कळत नाही, पण कुणाच्या तरी हाताने ओढलेली ती रेघ मला अजून आठवते.

माणूस मात्र त्याच्याही कितीतरी आधी इथे होता. गंगापूरजवळ गोदेच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत, लाखभर वर्षांहून जुन्या. ते शिकार करून, कंदमुळं गोळा करून राहणारे लोक, त्यांची पांढरी होत नाही.

आता जुळवून घेण्याबद्दल. उष्ण कटिबंध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घनदाट जंगल येतं. इथली खरी अडचण पावसाच्या वाटणीची आहे. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सिन्नर-येवल्याकडे जेमतेम त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका, तोही चार महिन्यांत. जोर्वे काळातल्या, म्हणजे तसली खापरं वापरणाऱ्या, शेतकऱ्यांनी अतिपावसाचं कोकण सोडून घाटाच्या अलीकडचा हाच कमी पावसाचा पट्टा निवडला, नदीकाठ धरून.

त्यांनी काय केलं हे सर्वांत नीट कळतं ते पुणे जिल्ह्यात, घोड नदीवरच्या इनामगावात. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ इतकी वर्षं तिथे खोदकाम केलं. इ.स.पू. १४०० ते १००० च्या सुमारास तिथली घरं ऐसपैस चौकोनी होती. पुराचं पाणी वळवायला पाट होता. मुख्य पीक सातू म्हणजे जव, जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटतं. घरं लहान आणि गोल होतात. गहू कमी होतो, सातू टिकतो, कारण त्याला पाणी कमी लागतं. गाई-बैलांची हाडं कमी आणि शेळ्या-मेंढ्यांची जास्त सापडू लागतात, रानातल्या हरणांचीही वाढतात. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की पाऊस घटला आणि लोक हळूहळू अर्धभटक्या पशुपालनाकडे वळले. घटता पाऊस हेच मुख्य कारण होतं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण हाडं आणि दाणे जे सांगतात ते मला पटतं: शेती पुरेना, तेव्हा त्यांनी ताट बदललं, घर बदललं, जनावर बदललं. इ.स.पू. ७०० च्या सुमाराला शेवटी गावही सोडलं.

तान्ही मुलं गेली की त्यांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. इतका जीव जडलेली जागा ज्यांनी सोडली त्यांच्यावर काय वेळ आली असेल, याचा मी बरेचदा विचार करतो.

म्हणून 'सलग होती का' याचं उत्तर: नाही. नाशकातही ताम्रपाषाणयुगाच्या थरानंतरची वस्ती वेगळ्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांची आहे. जागा तीच, कारण नदी तीच आणि पुरापासून उंचवटाही तोच.

गढी बघायला जाल तर पावसाळा संपल्यावर जा. पावसाने कापलेल्या कडेवर राखेचे करडे पट्टे उघड्या डोळ्यांनी दिसतात. खापर दिसलं तर कृपा करून उचलू नका, जागेवरच फोटो काढा. थरातून सुटलेल्या खापराचं वय मग नक्की सांगता येत नाही.