सूचक प्रश्नात ‘सूचक’ काय?

एका वाचकाची शंका आहे. बातमीत त्यांनी वाचलं की सरकारी वकिलांच्या सूचक प्रश्नाला बचाव पक्षाने हरकत घेतली. सूचक हास्य, सूचक मौन यांत काहीतरी आडून सांगितलेलं असतं. मग ‘आरोपीच्या हातात चाकू होता ना?’ अशा धडधडीत प्रश्नाला सूचक कसं म्हणायचं?

शंका रास्त आहे. ‘सुचवणं’ म्हटलं की आपण मनातल्या मनात ‘हळूच’ जोडतो, तिथे गडबड होते. इथे सुचवलं जातं ते उत्तर, आणि ते कितीही मोठ्याने सुचवता येतं. १८७२च्या पुरावा अधिनियमाच्या कलम १४१मध्ये व्याख्याच तशी होती : विचारणाऱ्याला जे उत्तर हवं किंवा अपेक्षित आहे, ते सुचवणारा प्रश्न. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. इंग्रजी संज्ञा ‘लीडिंग’, म्हणजे हाताला धरून नेणारा. मराठीत मात्र व्याख्येतलं ‘सुचवणारा’ आलं. ‘उत्तरसूचक’ म्हटलं असतं तर ही शंकाच आली नसती, असं माझं मत.

मराठीत हे सगळं काम एकटा ‘ना’ करतो. ‘हातात काय होतं?’ हा खुला प्रश्न. ‘चाकू होता का?’ काठावरचा. ‘चाकू होता ना?’ म्हणजे घास भरवलाच. सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, वादाच्या मुद्द्यावर हा ‘ना’ चालत नाही. (हा ‘सर’ सरन्यायाधीशातलाच, फारसी, ‘मुख्य’ या अर्थाचा.) नाव-गाव, धंदा अशा बिनवादाच्या गोष्टींपुरती मुभा असते. उलटतपासात मात्र ‘ना’ला मोकळं रान, आणि चांगला वकील तिथे ‘का?’, ‘कसं?’ विचारायच्या भानगडीत सहसा पडत नाही. दिवाणी दाव्यात तर २००२पासून सरतपास शपथपत्रावरच होतो. ते वकिलाच्या टेबलावर तयार होतं, त्यामुळे तिथे सूचक काय आणि खुलं काय!

‘ना’ला नकार जोडला की साक्षीदाराची पंचाईत होते. ‘अंगणातला दिवा लागलेला नव्हता ना?’ यावर ‘हो’ म्हणालात, तर दिवा लागला होता की नव्हता? आपण घरी ‘हो, नव्हता’ म्हणून मोकळे होतो. कोर्टात नुसता ‘हो’ टिपला गेला तर पुढे त्यावर तासभर वाद. म्हणून जाणते वकील साक्षीदाराला आधीच बजावतात : नुसतं हो-नाही करू नका, ‘दिवा होता’ किंवा ‘दिवा नव्हता’ असं अख्खं बोला. याला पढवणं म्हणत नाहीत. काय बोलायचं ते सांगितलं, तर ते पढवणं.

हरकत प्रश्न कानावर पडताच का घ्यावी लागते, तेही या ‘ना’मुळेच. साक्ष बहुधा प्रश्नोत्तरांत न लिहिता साक्षीदाराच्या तोंडच्या सलग निवेदनात लिहितात. ‘चाकू होता ना?’ ‘हो.’ कागदावर येतं : ‘आरोपीच्या हातात चाकू होता.’ ‘ना’ गेला, वकीलही गेला. उलटतपासात ‘तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटं बोलताय’ असं वकिलाने सुचवलं (वकील मंडळी याला ‘सजेशन’च म्हणतात), साक्षीदार नुसता ‘नाही’ म्हणाला, तरी कागदावर त्याच्या तोंडी येतं ते हे वाक्य : ‘मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’